उरलेल्या गोळ्यांचे गणित



मुंबईहून कसाऱ्याला जाणाऱ्या लोकलगाडीत बसलात, की खर्डी मागे पडल्यावर आणि कसारा येण्यापूर्वी उंबरमाळी नावाचे एक छोटेसे स्थानक लागते. आजूबाजूला सह्याद्रीचे डोंगर, भाताची खाचरे आणि दूरदूर विखुरलेले पाडे. हे गाव ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातले. येथून दादर गाठायचे, तर गाडीत सुमारे दोन तास जातात.

समजा, या उंबरमाळीच्या एका मावशींना आंघोळ करताना स्तनात लहानशी गाठ हाताला लागली. त्यांनी ती लाजेकाजेने लपवून ठेवली नाही. शहापूरच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी दाखवले, आणि तेथून त्यांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवण्यात आले. तपासण्या झाल्या आणि एके दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करून गाठ काढली. पूर्वी अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक दिवस खाटेवर काढावे लागत. आज गाठ लहान असेल, तर पुष्कळदा सकाळी शस्त्रक्रिया होते आणि संध्याकाळी रुग्ण घरी जातो.

निघताना डॉक्टर मावशींच्या हाती औषधांची चिठ्ठी देतात. तिच्यावर दुखणे कमी करणाऱ्या दोन-तीन प्रकारच्या गोळ्या आहेत. त्यांपैकी एक गोळी इतरांहून जोरदार आहे आणि तिचे नाते अफूशी आहे. या जोरदार गोळ्या मावशींना किती द्याव्यात? पाच? दहा? की तीस?

प्रश्न साधा वाटतो. पण पाहा हं. गोळ्या कमी पडल्या, तर रात्री दोन वाजता मावशी वेदनेने तळमळतील. रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर, गाड्या बंद, आणि असले औषध चिठ्ठीवाचून कोणताही दुकानदार देणार नाही. उलट गोळ्या जास्त दिल्या, तर उरलेल्या गोळ्या घरातल्या फळीवरच्या डब्यात जाऊन पडतील. त्या डब्याशी पुढे कोणाचा हात जाईल, हे कोणी सांगावे?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी कसे शोधले आणि ते उंबरमाळीला कितपत लागू पडते, हे आज आपण पाहू या.

वेदना कशी पोहोचते?

पायात काटा बोचला, की आधी एक तीक्ष्ण कळ येते. ती ओसरते न ओसरते तोच मागून मंद ठणका सुरू होतो. असे दोन टप्पे का? कारण वेदनेचा संदेश नेणारे मज्जातंतू दोन प्रकारचे असतात. एका प्रकारचे तंतू जलद असतात. दुसरे बारीक असून त्यांतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर इतक्याच वेगाने, म्हणजे आपण सावकाश चालतो तितक्या गतीने जातो. दोन्ही संदेश प्रथम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत पोहोचतात आणि तेथून मेंदूकडे जातात. मेंदूला खबर पोहोचली, की मगच आपल्याला ‘दुखते आहे’ असे जाणवते.

जखम झालेल्या जागी पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती मज्जातंतूंची टोके हळवी करतात, म्हणून जखमेभोवती नुसता हात लागला तरी दुखते. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे ही द्रव्ये तयार होऊ देत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे वेदनेची वाट निरनिराळ्या ठिकाणी अडवता येते. आयब्युप्रोफेनसारखी औषधे तिला जखमेपाशीच कमी करतात. भूल देणारे डॉक्टर मज्जातंतूजवळ लिग्नोकेनसारखे औषध टोचून तिला वाटेत अडवतात. दात काढताना हिरडीत टोचतात, तेच हे औषध. अफूच्या जातीची औषधे मात्र मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यावरच काम करतात.

धोत्रा आणि अफू

१८०४ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्याने एका स्त्रीच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली, तीही तिला संपूर्ण बेशुद्ध करून. त्यासाठी त्याने वनस्पतींचा एक काढा बनवला होता. त्यातला मुख्य घटक होता धोत्रा! शहापूर-मुरबाडच्या रस्त्याकडेला उगवणारे काटेरी फळांचे विषारी झुडूप तुम्ही पाहिले असेलच. त्याच्याच कुळातील ही वनस्पती. (तुम्ही मात्र त्याला हात लावू नका, धोत्रा खाल्ल्याने माणसे दगावतात.) युरोपात तोवर बेशुद्धीची कला अवगत नव्हती. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेने १८११ मध्ये पॅरिसमध्ये अशीच शस्त्रक्रिया जवळजवळ पूर्ण शुद्धीत सोसली आणि तिचे वर्णन बहिणीला पत्राने कळवले. अमेरिकेत ईथर देऊन शस्त्रक्रिया केल्याचे जाहीर प्रात्यक्षिक त्यानंतर १८४६ मध्ये झाले.

हानाओकाच्या त्या शस्त्रक्रियेच्याच सुमारास जर्मनीत फ्रीडरिख झेर्ट्यूर्नर नावाचा औषधे बनवणारा तरुण अफूवर प्रयोग करत होता. खसखशीच्या झाडाची हिरवी बोंडे चिरली, की त्यांतून पांढरा चीक पाझरतो. तो वाळला म्हणजे अफू होते. झेर्ट्यूर्नरने अफूतून गुंगी आणणारे स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले. ग्रीक कथांतील स्वप्नांचा देव मॉर्फिअस याच्या नावावरून त्याला मॉर्फीन हे नाव मिळाले. वनस्पतीतील औषधी सत्त्व शुद्ध रूपात काढण्याचे हे अगदी आरंभीचे उदाहरण. सत्त्व शुद्ध मिळाल्यामुळे ते तोलूनमापून देणे शक्य झाले. अफूच्या एका गोळीत औषध किती आहे, हे पूर्वी कोणालाच नेमके सांगता येत नसे.

आपल्या महाराष्ट्रालाही अफूची ओळख जुनी आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या कित्येक आया कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ चाटवीत. मूल दिवसभर निजून राही. १९२० च्या दशकातील सरकारी अहवालांत याची नोंद आहे. ती आई निर्दय नव्हती. तिला गिरणीचा भोंगा गाठायचा असे आणि घरी मूल सांभाळायला कोणी नसे. पण त्या गोळीने मुलांची भूक मरे आणि मात्रा चुकली तर श्वासच मंदावे.

कुलूप आणि किल्ली

मॉर्फीन नेमके करते काय? या प्रश्नाचा उलगडा व्हायला १९७३ साल उजाडावे लागले. अमेरिकेत कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले, की मज्जापेशींवर मॉर्फीनचे रेणू नेमके बसतील अशा खास जागा असतात. त्यांना ग्राहक म्हणतात. ग्राहक हे कुलूप मानले, तर मॉर्फीन ही त्याची किल्ली. दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना या कुलपाच्या मूळ किल्ल्याही सापडल्या. आपले शरीरच मॉर्फीनसारखे काम करणारी द्रव्ये तयार करते! खेळताना गुडघा फुटला तरी सामना संपेपर्यंत तो फारसा दुखत नाही, त्यामागे या द्रव्यांचाही वाटा असतो.

या कुलपात बसणाऱ्या सर्व औषधांना डॉक्टर ओपिऑइड म्हणतात. आपण त्यांना अफूवर्गीय औषधे म्हणू. मॉर्फीन आणि कोडीन ही अफूतूनच निघतात. ट्रॅमाडॉल आणि फेंटॅनिल कारखान्यात बनतात. आपल्याकडे लहान शस्त्रक्रियांनंतर ट्रॅमाडॉल पुष्कळ वापरले जाते. ते मॉर्फीनहून सौम्य आहे, पण वर्ग तोच.

अडचण अशी, की ही कुलपे केवळ वेदनेच्या वाटेवर नसतात. ती आतड्यांत असतात, म्हणून या औषधांनी बद्धकोष्ठ होते. श्वासावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात असतात, म्हणून मात्रा फार झाली तर श्वास मंद होत होत थांबू शकतो. आनंद आणि समाधान जाणवते त्या भागातही ती असतात, म्हणून काहींना औषधाची ओढ लागते. शिवाय किल्ली पुन्हा पुन्हा फिरवली, तर कुलूप दाद देईनासे होते आणि तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते.

वेदना खरी तीव्र असेल, तेव्हा मात्र यांच्या तोडीची औषधे फार थोडी आहेत. म्हणून प्रश्न ‘द्यावे की देऊ नये’ एवढाच नसतो; ‘किती आणि किती दिवस’ हे ठरवावे लागते.

मोजल्यावर काय दिसले?

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून डॉक्टर या गोळ्या सढळ हाताने लिहून देऊ लागले. २०१२ मध्ये तेथे अशा औषधांच्या २५ कोटींहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती सुमारे ३१ कोटी. घरोघरी गोळ्या उरू लागल्या आणि पुष्कळांना त्यांचे व्यसन जडले. पुढे चोरट्या बाजारातील हेरॉइन आणि बेकायदा बनवलेले फेंटॅनिल यांनी कहर केला. २०२१ या एका वर्षात अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने अमेरिकेत ८० हजारांहून अधिक माणसे मरण पावली.

मग काही शल्यचिकित्सकांनी स्वतःकडेच बोट वळवले. ‘आम्ही लिहून देतो त्या गोळ्या रुग्ण खरोखर घेतात का?’ हा प्रश्न तोवर फारसा कोणी विचारलाच नव्हता. न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ-हिचकॉक वैद्यकीय केंद्रात, त्याच दिवशी घरी सोडतात अशा पाच शस्त्रक्रियांच्या ६४२ रुग्णांच्या चिठ्ठ्या तपासण्यात आल्या, आणि त्यांतील काही रुग्णांना ‘तुम्ही किती गोळ्या घेतल्या?’ असे विचारण्यात आले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्तनातील गाठ काढलेल्या स्त्रियांना सरासरी सुमारे २० गोळ्या दिल्या होत्या, पण कोणाला एकही नाही, तर कोणाला ५० पर्यंत! शस्त्रक्रिया एकच, रुग्णालय एकच, पण डॉक्टरागणिक आकडा वेगळा. म्हणजे हा आकडा रुग्णाच्या वेदनेवरून ठरत नव्हता. तो सवयीने ठरत होता. दिलेल्या गोळ्यांपैकी या स्त्रियांनी किती घेतल्या? फक्त १५ टक्के. गाठीबरोबर काखेतील लसीका ग्रंथीही तपासणीसाठी काढली असेल, तर २५ टक्के. पाचही शस्त्रक्रिया एकत्र धरल्या, तर २८ टक्के. बाकी गोळ्या घरीच राहिल्या.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत गोळ्या इतक्या कमी का लागतात? गाठ काढताना त्वचा, चरबी आणि ग्रंथींचा भाग कापला जातो. पोटाच्या शस्त्रक्रियेप्रमाणे स्नायूंचे थर कापावे लागत नाहीत. श्वास घेताना वा उठता-बसताना जखमेवर ताण कमी येतो. काखेत शस्त्रक्रिया केली, तर तेथून दंडाच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या मज्जातंतूला इजा पोहोचू शकते. मग दंड बधिर होतो किंवा त्याची आग होते. संपूर्ण स्तन काढला, तर वेदना अधिक असते. पण साधी गाठ काढल्यानंतरचे दुखणे बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरते.

करून पाहा: दहा रुग्णांचे गणित

आता वही-पेन्सिल घ्या. खालील आकडे कल्पित आहेत, पण पद्धत खरी आहे. दहा स्त्रियांना प्रत्येकी २० गोळ्या दिल्या. त्यांनी घेतलेल्या गोळ्या अशा:

०, ०, ०, १, २, ३, ४, ५, ८, १४

बेरीज करा: ३७. सरासरी ३.७. दिल्या २००, उरल्या १६३.

मग प्रत्येकीला सरासरीइतक्या, म्हणजे ४ गोळ्या द्याव्यात का? पाहा, ४ गोळ्यांत सात जणींचे भागते आणि तिघींना कमी पडतात. कोणालाच कमी पडू नयेत म्हणून प्रत्येकीला १४ द्याव्यात का? मग १४० गोळ्या जातील आणि १०३ उरतील. एकीसाठी नऊ घरांत साठा होईल. म्हणून शास्त्रज्ञ मधली वाट काढतात. दहांपैकी आठ जणींची गरज भागेल असा आकडा ते शोधतात. आपल्या उदाहरणात तो आहे ५. दिल्या ५०, वापरल्या २५, उरल्या २५. दोघींना मात्र आणखी गोळ्या लागतील. त्या दोघींची सोय आधीच करून ठेवायची.

डार्टमथच्या डॉक्टरांनी नेमके हेच केले. शंभरातील ८० रुग्णांची गरज भागेल असा आकडा त्यांनी काढला. स्तनातील नुसती गाठ काढली तर ५ गोळ्या. काखेतील ग्रंथीही काढली तर १०. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना हे समजावून सांगितले आणि आधी पॅरासिटामॉल व आयब्युप्रोफेन वापरण्याचा सल्ला रुग्णांना द्यायला सांगितले. दिल्या जाणाऱ्या गोळ्या ५३ टक्क्यांनी घटल्या. वेदनेने हैराण झालेल्या रुग्णांची रीघ लागली का? नाही. पुढच्या २४६ रुग्णांपैकी अवघ्या एकाला पुन्हा गोळ्या मागाव्या लागल्या.

२०१७ मध्येच मिशिगन विद्यापीठातील संशोधकांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्वी असली औषधे न घेतलेल्या ३६ हजारांहून अधिक रुग्णांची त्यांनी पाहणी केली. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही सुमारे ६ टक्के रुग्ण अफूवर्गीय औषधे घेतच होते. शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांत हे प्रमाण होते ०.४ टक्के. विशेष म्हणजे शस्त्रक्रिया लहान असो वा मोठी, आकडा जवळपास तेवढाच होता. म्हणजे मोठी जखम हे त्याचे कारण नव्हते. जखम भरून आल्यावरही काही जणांची गोळी सुटत नव्हती.

दुसरे टोक

हे सारे वाचून तुम्ही म्हणाल, ‘मग आपल्याकडे या गोळ्या देऊच नयेत!’ थांबा. आपल्या देशाची गोष्ट नेमकी उलटी आहे.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने अफू पिकते. गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. औषधांसाठी लागणारी अफू भारत परदेशांना विकत आला आहे. आणि तरीही देशातील रुग्णाला मॉर्फीन मिळणे मात्र कठीण झाले. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. हेतू चांगला होता. पण मॉर्फीन ठेवायचे, तर रुग्णालयांना निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने एकाच वेळी लागू लागले, आणि चुकीला दहा वर्षांच्या तुरुंगवासाची धास्ती. औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडले. देशातील मॉर्फीनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोवर आला. डॉक्टरांच्या एका पिढीला हे औषध वापरण्याचा अनुभवच मिळाला नाही.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतर अनेकांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. मॉर्फीन, फेंटॅनिल यांसारख्या आवश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी एकच मान्यता पुरेशी ठरली. तरीही वाट लांब आहे. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये जगाचा हिशेब मांडला. गंभीर आजारातील वेदनेसाठी जेवढे अफूवर्गीय औषध लागते, त्याच्या जेमतेम ४ टक्के भारतात पोहोचत होते. अमेरिकेत ते गरजेच्या तीसपटींहून अधिक होते!

एका टोकाला घरोघरी उरलेल्या गोळ्या आहेत, तर दुसऱ्या टोकाला वेदनेने कण्हणारा आणि औषध न मिळणारा रुग्ण. दोन्हीकडे चूक एकच आहे. आकडा ठरवला कोणी सवयीने, कोणी भीतीने. रुग्णाला विचारून मात्र ठरवला नाही.

मग उंबरमाळीच्या मावशींना किती?

आता आपण मावशींकडे परत येऊ. डार्टमथचा पाचाचा आकडा त्यांना जसाच्या तसा लावावा का? त्याआधी दोन फरक लक्षात घेतले पाहिजेत.

पहिला फरक अंतराचा. ज्यांना पाच गोळ्या पुरत नाहीत, त्या शंभरातील वीस जणींचे काय? शहरात राहणारी बाई दूरध्वनी करून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊ शकेल. उंबरमाळीहून जायचे, तर दोन तास जाण्याचे, दोन तास येण्याचे आणि एका दिवसाची मजुरी बुडणार. मुरबाड तालुक्यातल्या बाईला तर आधी एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. भाताच्या आवणीचे दिवस असले, तर घरातला सोबतीला येणारा माणूसही मोकळा नसतो. म्हणून काही डॉक्टर दूरच्या रुग्णाला दोन गोळ्या अधिक देतील. पण त्याहून चांगला उपाय असा, की जवळच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांच्या नावे पत्र द्यावे, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईच्या रुग्णालयातून कोणीतरी दूरध्वनीवर चौकशी करावी. ट्रॅमाडॉलवर २०१८ पासून अमली पदार्थांचा कायदा लागू आहे; दुकानदाराला त्याची विक्री वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा ‘लागली तर गावात घेऊ’ असे म्हणून चालत नाही. व्यवस्था आधीच झाली पाहिजे.

दुसरा फरक वेदना अडवण्याच्या इतर उपायांचा. शस्त्रक्रियेच्या वेळीच छातीच्या मज्जातंतूंभोवती लिग्नोकेनच्या जातीचे, पण अधिक काळ टिकणारे औषध टोचले, तर पहिले कित्येक तास वेदना जाणवतच नाही. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि वेळेवर पॅरासिटामॉल घेत राहिले, मूत्रपिंडाचा वा जठरव्रणाचा त्रास नसेल तर जोडीला आयब्युप्रोफेन घेतले, की जोरदार गोळीची गरज पुष्कळ कमी होते. ‘दुखेल तेव्हा बघू’ म्हणण्यापेक्षा ठरलेल्या वेळी घेतलेली साधी गोळी अधिक काम करते.

ओघात आलेली एक गोष्ट सांगतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच स्वस्त लिग्नोकेन वेगळ्याच कामासाठी वापरून पाहिले. भारतातील ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना, कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी काही मिनिटे, गाठीभोवती ते टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के, तर टोचलेल्या गटात ९०.१ टक्के आढळले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तो प्रयोग वेदनेसाठी नव्हता. पण नीट मोजमाप केले, तर जुन्या औषधाचाही नवा उपयोग कसा हाती लागतो, हे त्यावरून दिसते.

वेदना कमी करण्याचा हेतू तरी काय? मावशींना झोप लागावी, जेवण जावे आणि सांगितलेला हाताचा व्यायाम करता यावा. दुखते म्हणून हात हलवलाच नाही, तर खांदा आखडतो आणि पुढे पाण्याचा हंडा उचलणे जड जाते. वेदनेने हात आखडू देणे हे काही धैर्य नव्हे. ‘सहन करायला हवे, बाईच्या जातीला हे चालायचेच’ असे घरात कोणी म्हणाले, तर त्याला हे समजावून सांगा.

फळीवरचा डबा

शेवटी तुमच्या हातातले काम. घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली, तर एक छोटी वही करा. तारीख, वेळ, कोणती गोळी घेतली, आणि ० ते १० पैकी वेदना किती, हे चार रकाने पुरेत. मावशींना लिहिता येत नसेल, तर त्या सांगतील आणि तुम्ही लिहा. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवा. डार्टमथच्या डॉक्टरांनी रुग्णांना जे विचारले, तेच उत्तर तुमच्या वहीत तयार असेल. रुग्णालयांनी अशी उत्तरे जमा केली, तर आपल्या भागातील रुग्णांना किती गोळ्या लागतात, हे आपल्याच आकड्यांवरून ठरवता येईल.

गुंगी फार येत असेल, हाका मारूनही रुग्ण नीट उठत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालत असेल, तर पुढची गोळी न देता त्याला तत्काळ रुग्णालयात न्या.

एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नका; आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून तर मुळीच नको. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, मोजून ठेवा. दुखणे थांबल्यावर उरलेल्या गोळ्या ‘असू दे, कधीतरी लागतील’ म्हणून जपू नका. पुढच्या खेपेस त्या रुग्णालयात घेऊन जा आणि काय करावे ते विचारा. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची एक यादी दिली आहे. त्यांत ट्रॅमाडॉल, मॉर्फीन आणि फेंटॅनिल आहेत. ही औषधे घरात ठेवणे इतके धोक्याचे, की उरली तर ती शौचकूपात टाकून पाण्याने वाहून द्यावीत, असे तिने सुचवले आहे. इतर औषधांना मात्र हा नियम लावू नका, कारण ती पाण्यात मिसळून नद्या-नाले दूषित होतात.

आज घरी गेल्यावर, आईवडिलांच्या देखत, औषधांचा डबा उघडून पाहा. कोणती गोळी कोणाची, कधीची आणि किती उरली आहे, याची यादी करा. ज्या गोळीचा धनी सापडणार नाही, तिच्याविषयी डॉक्टरांना विचारा. दहा मिनिटांचे काम आहे, आणि या लेखातले गणित तुमच्याच घरात करून पाहायला मिळेल.